विश्लेषण : लष्करातून निवृत्त झालेला ट्रक दारात उभा करायचा तर...?

जुन्या कारला कायद्यात जागा आहे, जुन्या लष्करी ट्रकला नाही. एक नियम मूळ रूप जपा म्हणतो, दुसरा त्या गाडीचा मूळ रंगच नाकारतो. हौसेला हात घालण्यापूर्वी काय माहीत असावे आणि सरकारने काय बदलावे?

पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यात मोरा बंदराच्या आसपास अवजड वाहनांचे अप्रूप कुणालाच नाही. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा, न्हावा-शेव्याला १९८९ पासून सुरू असलेले जेएनपीए बंदर आणि पनवेलपर्यंत कंटेनरच्या रांगा. पाटे भरणारे, चासी सरळ करणारे, डिझेल पंप दुरुस्त करणारे कारागीर या पट्ट्यात सहज भेटतात. जुना लष्करी ट्रक किंवा जोंगा घरी आणून चालता करण्याची हौस असलेल्याला यापेक्षा सोयीची जागा क्वचितच मिळेल. पण ही हौस गॅरेजपेक्षा कागदांत जास्त अडकते.

कोणत्या गाड्यांना मागणी?

प्रामुख्याने जबलपूरच्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली ‘शक्तिमान’ ट्रक १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. पुढे १९६९ मध्ये तिथेच स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जवान, दारूगोळा आणि शिधा वाहणारा हाच ट्रक. ‘जोंगा’ ही निस्सानच्या आराखड्यावर बनलेली, सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची गाडी. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये ती घेतल्यावर तिचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले.

आधी कागद का पाहायचे?

लष्करी वाहनांची नोंदणी आरटीओत होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार ती संरक्षण यंत्रणेकडेच होते. वर बाण असलेली नंबरप्लेट ही तिचीच खूण. गाडी केंद्र सरकारच्या मालकीची राहिली नाही की तिला सर्वसामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. म्हणून लिलावाचा आदेश, विक्रीपत्र, इंजिन आणि चासी क्रमांक यांची साखळी कुठेही तुटलेली नसावी. गाडी ‘भंगार’ म्हणून विकली गेली असेल, तर ती कितीही सुंदर दुरुस्त केली तरी रस्त्यावर आणता येत नाही. फसवणूक नेमकी इथेच होते. भंगाराच्या भावात घेतलेल्या गाडीला दुसऱ्याच गाडीचे कागद जोडले जातात आणि गुन्हा शेवटच्या मालकाच्या गळ्यात पडतो.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती अधिकृत भंगार केंद्रात द्यावी लागतात. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातील विशेष वाहनांना यातून सूट आहे. तरीही चालू स्थितीत बाजारात येणाऱ्या सरकारी गाड्या यापुढे कमीच होत जाणार.

देखभालीत काय जपायचे?

मोरा-उरण पट्ट्यात पहिला शत्रू खारा वारा. चासीच्या पोकळ भागात ओल साचून पत्रा आतून खातो आणि वरचा रंग शाबूत दिसतो. गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे, पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि पावसाळ्याआधी आतून तेल किंवा मेण फवारणे हा स्वस्त विमा आहे.

दुसरा धोका ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. गाडी उभी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

तिसरा धोका जिवावरचा. जुन्या ट्रकच्या चाकांना अनेकदा लॉक रिंग असते. ती गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल, तर हवा भरताना गोळीसारखी उडते. असे चाक घरी खोलू नये. लोखंडी पिंजऱ्यात हवा भरणाऱ्या जाणकाराकडेच न्यावे.

पेट्रोल गाड्यांना आता २० टक्के इथेनॉलचाही विचार करावा लागतो. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग त्याने फुगतात, चिरतात. गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू न देणे मालकाच्या हाती आहे.

बदल किती करता येतात?

फार थोडे. कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितले. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवणे, चासी कापणे, टप उडवणे ही कामे गॅरेजमध्ये चार दिवसांत होतात. आरटीओत मात्र ती वर्षानुवर्षे नडतात. कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ट्रकचे एकूण वजन ७,५०० किलोंच्या वर असेल, तर हलक्या वाहनाचा परवाना चालत नाही.

मग ‘व्हिंटेज’ नोंदणी का नाही?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये ही सोय केली. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २० हजार रुपयांत दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. चासी, बॉडी आणि इंजिन मूळचेच हवे. पण ही सोय खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रकचा विचारच त्यात नाही.

जीप किंवा जोंगा त्यात बसली तरी रंगाचा पेच उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लष्करी गाडीचे सोंग घेऊन कुणी छावणीत शिरू नये, ही त्यामागची भीती अनाठायी नाही. पण परिणाम असा की मूळ रूप जपणाऱ्या मालकाला मूळ रंग पुसावा लागतो.

काय व्हायला हवे?

शक्तिमानचा मूळ आराखडा ज्या जर्मनीचा, तिथे ३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप टिकवलेल्या वाहनांना तज्ज्ञांच्या तपासणीनंतर खास ‘एच’ क्रमांक मिळतो. ट्रकही त्यातून वगळलेले नाहीत. आपल्याकडे रणगाडे अहिल्यानगरच्या संग्रहालयात पाहता येतात. पण सरकार प्रत्येक ट्रक जपू शकणार नाही, आणि स्वखर्चाने जपणाऱ्यांना कायदा दारात उभा करत नाही.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. व्हिंटेजच्या व्याख्येत बिगरव्यावसायिक लष्करी ट्रक आणावेत. अशा नोंदणीकृत गाड्यांना, लष्करी चिन्हे आणि क्रमांक काढण्याच्या अटीवर, नियम १२१ मधून सूट द्यावी. आणि लिलावाच्या प्रत्येक कागदावर ‘नोंदणीयोग्य’ की ‘केवळ भंगार’ हे ठळक छापावे.

तोवर मालकाने पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न सोडवावा : गाडी जपायची आहे की बदलायची? दोन्ही एकाच वेळी होत नाही. चासीवर एकदा कटर फिरला की जतनाची वाट कायमची बंद होते.