नावेच्या कांठावरील खुंटी

जुन्या वाड्यांतील झोपाळ्याची कडी ज्यांनीं नीट पाहिली असेल त्यांस ठाऊकच असेल कीं, ती तुळईंत नुसती खालून पिळून बसविलेली नसते. तिचा दांडा तुळईच्या आरपार जातो व वर रुंद लोखंडी पट्टीवर चाकीनें आवळलेला असतो. घरांतील चार माणसें निर्धास्तपणें झोके घेतात तीं त्या न दिसणाऱ्या पट्टीच्या भरंवशावर. नाव बांधण्याच्या खुंटीचें शास्त्र नेमकें हेंच आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. पुढें तिला वर्धा मिळून प्राणहिता होते व ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूल झाले तरी पैलतीरच्या शेतांत कामास जाणाऱ्या कित्येकांस आजही नावच जवळची वाटते. जानेवारी २०२४ मध्यें चामोर्शी तालुक्यांतील गणपूरच्या स्त्रिया मिरची तोडावयास पलीकडे निघाल्या असतां नाव उलटून सहा जणी वैनगंगेंत बुडाल्या. अशा प्रसंगीं खुंटी काय करणार? तेथें नावेंत बेताचीं माणसें आणि प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट हाच उपाय. परंतु चढतां-उतरतांना होणारे अपघात मात्र चांगल्या बांधणीनें पुष्कळ टळतात. एकाच टोंकास बांधलेली नाव पाय ठेवतांच दुसऱ्या टोंकानें फिरते, आणि पाऊल कांठ व नाव यांच्या मध्यें पडतें. म्हणून पुढें एक व मागें एक असे दोन दोर आणि त्यांसाठीं दोन खुंट्या हव्यात.

खुंटी दोन शिंगांची, जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. नाविक तिला क्लीट म्हणतात. नावेच्या कांठाला आंतून फासळीचा आधार असेल तेथें ती ठेवावी. नुसत्या स्क्रूंवर मात्र विसंबूं नये. भरलेली नाव प्रवाहानें हिसके देऊं लागली कीं स्क्रूचें भोंक सैल होतें, त्यांत पाणी मुरतें आणि लांकूड कुजतें. त्याऐवजीं आरपार बोल्ट घालावेत आणि खालच्या अंगास सागवानी ठोकळा लावून त्यावर मोठ्या चकत्या व चाक्या आवळाव्यात. इंचभर व्यासाच्या चार चकत्या मिळून जेमतेम तीन चौरस इंच जागेवर ओढ घेतात. आठ इंच लांब व चार इंच रुंद ठोकळा तीच ओढ सुमारें बत्तीस चौरस इंचांवर पसरतो. जागा दसपट झाली, म्हणजे दर चौरस इंचावरील भार दहाव्या हिश्श्यावर आला.

ठोकळ्यासाठीं सागच कां, हें आलापल्लीचें अरण्य ज्यांच्या शेजारीं आहे त्यांस सांगावयास नको. सागाच्या अंगच्या तेलामुळें त्यांत बसविलेलें लोखंड सहसा लवकर गंजत नाहीं. विलायती ओकांतील तुरट आम्ल लोखंड खातें. बोल्ट घालण्यापूर्वीं भोंकांच्या तोंडाशीं किंचित् खोलगट करून त्यांत राळ किंवा हल्लीं मिळणारें रबरी लुकण भरावें, म्हणजे पाण्यास वाट राहत नाहीं.

समुद्रावरही हाच न्याय. कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसल्या शिडाच्या नौकांच्या कांठावरील खुंट्यांनाही खालून रुंद पट्टीचा आधार द्यावाच लागतो.

खुंटी दोराच्या रेषेंत अगदीं सरळ न ठेवतां दहा-पंधरा अंश तिरपी बसवावी. नाहींतर वेढे एकमेकांवर चढून अडकतात. दोर प्रथम दूरच्या शिंगाखालून घेऊन बुडाभोंवतीं एक पूर्ण वेढा द्यावा, मग इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें फिरवावा. दोर कांठावर घासतो तेथें गुळगुळीत धातूची खांच असावी.

पावसाळ्यांत आणखी एक दक्षता हवी. सिरोंचा तालुक्यानें जुलै २०२२ चा महापूर पाहिला आहे. आंखूड बांधलेली नाव पाणी चढूं लागलें कीं कांठानें खालीं ओढली जाते व भरते. म्हणून दोर लांब ठेवावा आणि ओढ असतांनाही सुटेल असाच बांधावा.

मुलांना घाटावर नेलें तर दोराची गांठ त्यांस दाखविली जातेच. त्याबरोबर कांठाखालीं हात घालून ठोकळा जाग्यावर आहे कीं नाहीं हें चांचपून पाहावयासही शिकवावें.