मोठ्या चाकांचं खूळ

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही चाकांवरून. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही थोडं थांबावं, कारण यात एका बाईची कंबर आणि एका पोराचा जीव गुंतला आहे. दोघंही आमच्याच घरातले.

तर झालंय असं. आमच्या भाच्याने कर्ज काढून पिकअप घेतली. चांगली गोष्ट आहे. आणे पठारावर पोटापाण्याला दुसरं आहेच काय? जुन्नर आणि आंबेगाव मिळून कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, पण पाणी काही पठारावर चढून येत नाही. बाजरी, कांदा, आणि पाऊस पडला तर पडला. मग जो तो गाडी घेतो आणि दुसऱ्याचा माल वाहतो. कांदा आळेफाट्याला, टोमॅटो नारायणगावला, उन्हाळ्यात पाण्याची टाकी वाडीवस्तीवर. इथपर्यंत ठीक. पण आता चिरंजीवांना गाडीची कंपनीची चाकं काढून मोठी, रुंद, बाहेर आलेली चाकं बसवायची आहेत. "मामा, गाडीला वट येते," म्हणे.

वट! हप्ता थकला की ही वट बँकेत चालते का ते एकदा विचारून ये म्हणावं.

नुसता राग काढून उपयोग नाही, म्हणून हिशोब मांडतो. पिकअपला मॉडेलप्रमाणे निरनिराळ्या मापाचे टायर येतात. उदाहरणासाठी २१५/७५ आर १५ घेऊ. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंची. गुणाकार-बेरीज केली की चाकाचा व्यास भरतो साधारण ७०३ मिलिमीटर. भाच्याला हवाय तो ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ८४ मिलिमीटरचा. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, कारण कणा चाकाच्या मधोमध असतो. म्हणजे एवढा खर्च करून पदरात पडणार चार सेंटीमीटर. आपल्या बोटांची दोन पेरं!

आता या दोन पेरांसाठी काय काय मोजायचं ते बघा.

इंजिन तेच, गिअर तेच. कण्याला मिळणारा पीळ तोच. पण चाक मोठं झालं की तोच पीळ जमिनीवर कमी जोराने पोचतो. लांब दांडीच्या शेवटी वजन बांधून उचलून बघा, लगेच कळेल. आपल्या उदाहरणात ओढ जवळजवळ ११ टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पण आमचा रस्ता सपाट नाही. आळेफाट्याकडून येताना गुळुंचवाडी मागे पडली की आणे घाट लागतो. हजार लिटरची टाकी भरून पाणी वर आणायचं म्हणजे पाण्याचंच वजन एक टन. तिथे ११ टक्के ओढ गेली की एक गिअर खाली, इंजिन तापलेलं आणि डिझेल वर.

हे झालं चढणीचं. उतार त्याहून वाईट. आमचा माल बाजाराला निघतो तो भरल्या गाडीने घाट उतरूनच. ब्रेक कंपनीचेच राहतात, पण पायाचा जोर तेवढाच ठेवला तर जमिनीवरची पकड त्याच हिशोबाने ढिली होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जे मागे ओढून धरतं तेही कमी होतं. वर काटा खोटं बोलतो. काट्यावर ६० दिसतील तेव्हा गाडी खरी ६७ ने पळत असेल. म्हणजे गाडी जास्त जोरात, थांबवणारा जोर कमी, आणि चालवणाऱ्याला दोन्हींचा पत्ता नाही. पाण्याची टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर पाणी एका अंगाला धावतं, आणि गाडी जितकी उंच तितका तो हेलकावा वाईट. यापुढे मला काही लिहवत नाही. आमची ताई हे वाचते.

आणि गंमत म्हणजे धंद्यातही खोटच. भाडं किलोमीटरवर ठरतं ना? मोठ्या चाकाने १०० किलोमीटर धावलात की मीटरवर ८९ च पडतात. ११ किलोमीटर गिऱ्हाईकाला फुकट. सख्ख्या मामाला तरी कधी एवढं फुकट फिरवलंय का त्याने?

बरं, आता त्या कंबरेविषयी. भाड्याच्या फेऱ्यांना हमाल मिळतो, पण घरचा कांदा भरते आमची ताई आणि तिच्या दोन जावा. ५० किलोची गोणी दोघींनी कोपरे धरायचे, एक झोका द्यायचा आणि हौद्यात टाकायची. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, तो एकटीनेच उचलायचा. चार सेंटीमीटर ऐकून तुम्ही हसाल. पण पिकअपचा हौदा आधीच कमरेच्या वर असतो. ज्या उंचीला झोका नेमका पुरतो तिच्या वर बोटभरही गेलं की शेवटचा रेटा हाताने नाही, पाठीने द्यावा लागतो. एका खेपेला ७० क्रेट. चवडे उंचावून ७० वेळा वजन उचलून बघा आणि मग मला सांगा. शिवाय ही पोरं नुसत्या चाकांवर थांबत नाहीत. "गाडी अजून उठली पाहिजे" म्हणून पाट्यांखाली ठोकळे घालतात. मग हौदा छातीला लागतो. चाकं कुठली बसवायची हे ठरवताना ताईला कुणी विचारलं का? गाडीवर तिचंही नाव आहे, कर्जावर तर आहेच.

टाटांचा छोटा हत्ती २००५ साली आला तेव्हा लोक त्याच्या चाकांना हसले होते. १२ इंची चाकं, दोन सिलिंडरचं इंजिन, १६ अश्वशक्ती! हे काय ओझं वाहणार? पण गिरीश वाघ आणि त्यांच्या माणसांनी ती चाकं अजाणतेपणी लहान ठेवली नव्हती. चाक लहान म्हणून हौदा खाली, हौदा खाली म्हणून चढ-उतर सोपी, गाडी बोळातही वळते आणि टायरही स्वस्त. या चिमुकल्या चाकांवर देशभर कितीतरी घरांची चूल पेटली. वट नव्हती त्याला, पण हप्ते फिटले.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं हे खरं आहे. आपल्या जुन्या लाकडी बैलगाडीची चाकं चांगली उंच असायची ती उगाच नाही. गाडीवाट खाचखळग्यांची, आणि लोखंडी धाव चिखलात रुतायची. रबरी टायर आला आणि ते गणित बदललं. साखर कारखान्यांच्या वाटेवर ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या बघा. चाक निम्म्यावर आलं आणि ओझं वाढलं, कारण हवा भरलेलं रबर जमिनीला धरून चालतं. छोट्या हत्तीचं चाक आमच्या दगडधोंड्यांच्या वाटेवर आपटतं, हेही खरं. म्हणून तर भाच्याने छोटा हत्ती न घेता मोठी पिकअप घेतली. बरोबरच केलं. पण त्या गाडीला किती चाक लागतं हे बनवणाऱ्याने ब्रेक, गिअर, पाटे, बेअरिंग सगळं जुळवून ठरवलेलं आहे. त्यातलं एकच ओढून मोठं केलं तर बाकीचे काय करतील? घरात एकट्यानेच खर्च वाढवला की बाकीच्यांचे जे होतात तेच हाल.

"पण पावसाळ्यात रिकामी गाडी चिखलात घसरते." घसरणारच. पिकअपला ओढणारी चाकं मागची, आणि मागे वजनच नाही. मागच्या कण्यावर वाळूची चार पोती टाक. टायर खोल नक्षीचा घे, पण मापाचाच घे. झिजलेला टायर वेळेवर बदल. हे सगळं करूनही त्या मोठ्या चाकांच्या निम्मा खर्च येणार नाही.

"रुंद टायर जास्त ओझं घेतो." नाही रे बाबा! ओझं किती घेणार हे टायरच्या बगलेवर छापलेलं असतं. तिथे १०० आकडा असला तर तो टायर ८०० किलो पेलतो. ताकद असते थरांत आणि हवेच्या दाबात, नुसत्या रुंदीत नव्हे. उलट चाक बाहेर काढलं की बेअरिंगवर तिरपा भार येतो, आणि पाटे दबले की टायर मडगार्डला घासतो.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं मापही असतं. उद्या काही झालं तर विमावाल्यांना हरकत घ्यायला आयतं कारण.

हौसेच्या मी विरुद्ध नाही. आमचा मुलूखच बैलगाड्यांच्या शर्यतींचा. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा मीही पेढे वाटले. पण आपल्या आज्या-पणज्यांनी शर्यतीचा गाडा आणि शेणखताची गाडी यांत कधी गल्लत केली नाही. घाटात पळायचा गाडा हलका, त्याला ओझं माहीत नाही. कामाची गाडी दणकट, तिला मिरवणूक माहीत नाही. दोन्हींचा मान वेगळा. आमच्याकडे रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटीची कढई किती देखणी आहे हे कुणी विचारत नाही, किती पंगती उठल्या ते विचारतात. गाडीचंही तेच. गावात खरी वट त्याची, ज्याचा माल वेळेवर पोचतो.

तेव्हा भाचेबुवा, हप्ते फिटू देत. मग हौसेची वेगळी गाडी घे, तिला ट्रॅक्टरची चाकं लाव, मी स्वतः नारळ फोडीन. तोवर या गाडीच्या चाकाला हात लावायचा असेल तर आधी एक दिवस ताईच्या जागी उभा राहा आणि ७० क्रेट स्वतः भर. त्यानंतरही मोठी चाकं हवीशी वाटली तर मला फोन कर. मी रागावणार नाही.

बहुधा फोन येणार नाही.