रेषा नको, शंकू बघा

मे-जून आला की ऊद मेथातल्या आमच्या घरी लॅपटॉपवर अरबी समुद्राचा नकाशा उघडा असतो. दुबईत वादळ येईल म्हणून नाही. समुद्रापलीकडे, श्रीवर्धनला, माझी आत्या राहते म्हणून. तुमचं कुणी कोकणात असेल, तर हे तुमच्यासाठीही आहे.

नकाशावर वादळाचा मार्ग एका रेषेने दाखवतात. रेषेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा आकार असतो. तो शंकू. आईस्क्रीमचा कोन आठवा! वादळाचा मध्य या शंकूत कुठेही जाऊ शकतो. दिवस जितका दूरचा, तितका अंदाज कच्चा, म्हणून शंकू रुंद. वारा आणि पाऊस तर शंकूबाहेरही पोचतात. माझं मत साफ आहे: रेषेकडे बघूच नका.

हे मी चूक करून शिकलो. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ येत होतं. भारतीय हवामान विभाग सांगत होता की हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ, ते किनाऱ्यावर येईल. श्रीवर्धन त्याच पट्ट्यात आहे. पण सगळीकडे चर्चा मुंबईची! मीही फोनवर म्हणालो, "आत्या, घाबरू नकोस, ते मुंबईकडे चाललंय."

३ जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मुंबई बरीचशी वाचली. श्रीवर्धनला पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आत्याचा फोन कित्येक दिवस लागेना. लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुपारी गेली रे सगळी." नवीन सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. माझ्या त्या फोनबद्दल ती आजपर्यंत काही बोललेली नाही.

आणखी एक. वादळ विरलं म्हणून नकाशा लगेच बंद करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' वादळ बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि जमिनीवर कमजोर झालं. पण त्याचा उरलेला भाग महाराष्ट्रावरून अरबी समुद्रात उतरला, तिथे पुन्हा जोर धरला आणि 'शाहीन' नावाने ३ ऑक्टोबरला ओमानला, म्हणजे आपल्या शेजारी, पोचला.

आता आत्याला फोन करतो तेव्हा वादळ कुठे जाणार ते मी सांगत नाही. म्हणतो, "आत्या, तू शंकूत आहेस. पत्र्यावर वजन ठेव, पाणी भरून ठेव, मोबाईल चार्ज कर." ती विचारते, "शंकू म्हणजे काय रे?" मग पुन्हा आईस्क्रीमपासून सुरुवात.