नकाशांतील पाटी

दुकानावरची पाटी दुकानदारानें लावावी, हा जुना रिवाज. गूगलच्या नकाशांत मात्र कोणाही वाटसरूस त्या पाटींत दुरुस्ती सुचवितां येते. दुकान दुसरीकडे गेलें तर लोकांनींच कळवावें, हा त्यांतील सद्धेतु. त्याच वाटेनें चोर शिरला. 2018 सालीं महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तक्रारी आल्या. नकाशांत शाखेचें नांव खरें, पत्ता खरा. दूरध्वनीचा क्रमांक तेवढा भामट्यांनीं बदललेला! खातेदार आपण होऊन दूरध्वनी करी, आणि पलीकडचे 'अधिकारी' त्याचे गुप्त आंकडे विचारून घेत. परक्यानें हांक मारली तर आपण सावध असतों. आपणच हांक मारल्यावर संशय यावा कसा? त्या एका वर्षांत तीस लाखांहून अधिक खोट्या व्यवसाय-नोंदी काढल्याचें गूगलनें 2019 मध्यें जाहीर केलें. बहुतेक कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच गेल्या म्हणे; उरलेल्या कोणीतरी पाहिल्याच असतील. आमच्या सूनबाईंनीं पासबुकावरील क्रमांक ठळक अक्षरांत लिहून कपाटाच्या दारास आंतून चिकटविला, तेव्हां मी हंसलों होतों. परवां चष्मा लावून तोच वाचला.