नाजूक रेघेचे अक्षर पाटीवर शोभते, बिलावर नाही

दुकानाचे नाव देखण्या अक्षरात असावे, हा व्यापारी बांधवांचा आग्रह आम्हाला मान्य आहे. अत्तर, जरीकाम, दागिने, लग्नपत्रिका या धंद्यांत नावाचा थाट विकला जातो. आमची तक्रार वेगळी आहे. पाटीसाठी निवडलेले अक्षर जसेच्या तसे बिलबुकावर, शिक्क्यावर आणि डबीच्या लेबलावर उतरवले जाते.

उभा दांडा जाडजूड, आडवी रेघ केसासारखी आणि टोकाला तितकीच बारीक पट्टी, असे हे वळण. रोमन लिपीत ते बोदोनीच्या नावाने प्रसिद्ध आहे. जांबातिस्ता बोदोनी हा इटलीचा हाडाचा कारागीर. १७६८ साली तो पार्मा येथे ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला. १८१३ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ विधवा पत्नीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची नाजूक रेघ टिकली ती गुळगुळीत कागद, उत्तम शाई आणि काटेकोर छपाईच्या जोरावर. जाड-बारीकचे सौंदर्य आमच्या कातिब मंडळींना शिकवायला नको; त्यांच्या कलमाच्या छाटलेल्या टोकातून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे.

पण स्वस्त कागदाच्या बिलबुकावर ही रेघ तुटते आणि रबरी शिक्क्यात शाईने बुजते. इंग्रजी ‘ई’ची मधली रेघ गेली की तो ‘सी’ वाचला जातो. व्हिजिटिंग कार्डावरील ई-मेलच्या पत्त्यात असे झाले, तर गिऱ्हाईकाची ऑर्डर भलतीकडे जाते. नुकसान छापणाऱ्याचे नाही, दुकानदाराचे!

जाणकारांनी यावर उपाय केलेला आहे. १९९४ मध्ये निघालेला आयटीसी बोदोनी तीन मापांसाठी वेगवेगळा काढला गेला: ६, १२ आणि ७२ पॉइंट. ७२ पॉइंट म्हणजे सुमारे एक इंच. सहाच्या अक्षरात बारीक रेघा मुद्दाम जाड ठेवल्या आहेत. २०११ च्या प्लेफेअर डिस्प्लेच्या तर नावातच ‘डिस्प्ले’ आहे, म्हणजे मथळ्यासाठी. मराठी पाटीसाठी अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ चा रोझा वन आहे. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही मिळतात. प्लेफेअर आणि रोझा खुल्या परवान्याचे आहेत. धंद्यासाठी वापरायला पैसे पडत नाहीत, मग चोरीचा फॉन्ट घ्यायचा कशाला?

आमच्या मते नाव तेवढे या वळणात मोठे घ्यावे; पत्ता, फोन, वजन, किंमत साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठे करून दाखवलेल्या नमुन्यावर होकार देऊ नये. खऱ्या मापात, ज्या कागदावर छापायचे त्यावरच प्रूफ मागावे आणि दुकानात बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना चष्म्याविना वाचायला द्यावे. आतून दिवा लागणाऱ्या पाटीवर उजेड पसरून बारीक रेघ गिळतो. तिथे पेंटरला सांगून ती जरा जाड करून घ्यावी, मग अक्षराची ऐट थोडी कमी झाली तरी चालेल.