क्रीटचा वकील

अथेन्सला विमानाने उतरणाऱ्या प्रवाशास प्रथम भेटते ते एका वकिलाचे नाव. 2001 साली सुरू झालेल्या तेथील विमानतळाला एलेफ्थेरिऑस व्हेनिझेलॉस यांचे नाव दिलेले आहे. आधुनिक ग्रीसचे शिल्पकार म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि तो अनाठायी नाही. मात्र वाचकांचे लक्ष मला वेधावयाचे आहे ते त्यांनी सही केलेल्या एका कागदाकडे.

त्यांचा जन्म 1864 सालचा, क्रीट बेटावरील खानिया शहराजवळच्या खेड्यातला. बेटावर तेव्हा तुर्की सुलतानाचा अंमल होता. वडील व्यापारी, मुलाने पेढी सांभाळावी ही त्यांची इच्छा. मुलाने अथेन्सला जाऊन कायद्याचा अभ्यास केला आणि खानियास परतून वकिली आरंभली. 1897 च्या उठावात आक्रोतिरीच्या टेकडीवर बंडखोरांनी ग्रीक निशाण उभारले, तेव्हा युरोपीय सत्तांच्या युद्धनौकांनी त्या टेकडीवर तोफा डागल्या. बंडखोरांच्या पुढाऱ्यांत हे वकीलसाहेब होते. पुढे बेटास स्वायत्तता मिळाल्यावर नव्या घटनेच्या मसुद्यालाही त्यांचाच हात लागला.

1910 मध्ये ते ग्रीसचे पंतप्रधान झाले. 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर देशाचा विस्तार सुमारे दोन-तृतीयांशांनी वाढला आणि क्रीटही ग्रीसमध्ये सामील झाले. महायुद्धात मात्र राजा कॉन्स्टंटाइन यांच्याशी त्यांचे बिनसले. राणी जर्मन कैसरची सख्खी बहीण. राजाला तटस्थता हवी होती, तर व्हेनिझेलॉस यांना दोस्तांची बाजू. देश दुभंगला तो इतका की, 1916 साली त्यांनी थेसालोनिकीस वेगळे सरकारच थाटले. 1920 च्या ऑगस्टमध्ये सेव्हरच्या तहाने ग्रीसच्या पदरात बरेच काही टाकले. दोनच दिवसांनी पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर दोघा ग्रीक माजी अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून ते वाचले, पण नोव्हेंबरच्या निवडणुकीत स्वतःची जागाही राखू शकले नाहीत.

1922 मध्ये आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा धुव्वा उडाला. पराभूत देशाची वकिली करावयास लोझान येथे पुन्हा त्यांनाच पाठविण्यात आले. तेथे 30 जानेवारी 1923 रोजी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. ग्रीसकडे आलेले सुमारे 12 लाख. त्यांतील बहुतेक आधीच जीव मुठीत धरून पळाले होते. तुर्कस्तानकडे धाडलेले साडेतीन लाखांच्या वर.

माणसांची वाटणी झाली ती धर्मावरून, भाषेवरून नव्हे. मुलखाबाहेर राहून घरात आपली बोली जपणाऱ्या आपणां वाचकांस यातली ग्यानबाची मेख चटकन उमगेल. अनातोलियातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, ती ‘ग्रीक’ ठरून ग्रीसला आली. आणि क्रीटचे मुसलमान, ज्यांच्या घरात ग्रीकच बोलली जाई, ते ‘तुर्क’ ठरले. हे तर व्हेनिझेलॉस यांच्याच बेटावरचे लोक! अयवालिकच्या किनाऱ्यावर वसविल्या गेलेल्या त्या घरांतील वृद्ध पुढे कित्येक दशके आपसांत क्रीटची बोली बोलत राहिले.

कत्तली टाळण्यास दुसरा उपाय उरला नव्हता, असे या कराराचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. तथापि ज्यांना उठविले त्यांचे मत कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

1928 साली ते पुन्हा सत्तेवर आले. 1929 चा कम्युनिस्टांविरुद्धचा कठोर कायदा त्यांच्या कीर्तीस शोभणारा नव्हता. 1930 मध्ये मात्र त्यांनी अंकाराशी सलोखा केला. निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचे परस्परांचे दावे त्यात मिटवून टाकले. आजवर त्यांच्याच पाठीशी राहिलेले निर्वासित त्यामुळे दुखावले. पण व्हेनिझेलॉस ढळले नाहीत. 1934 साली तर जुना शत्रू मुस्तफा केमाल यांचे नाव त्यांनी शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचविले.

1935 मधील फसलेल्या लष्करी बंडानंतर त्यांना देश सोडावा लागला. मार्च 1936 मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. दंगलीच्या भीतीने शव अथेन्सला न नेता परस्पर क्रीटला नेण्यात आले, आणि आक्रोतिरीच्या त्याच टेकडीवर त्यांना मूठमाती देण्यात आली.