जुन्या गाडीत तेल घालताना भाव नको, जागा बघा



आज पिकावर नाही, दारातल्या गाडीवर लिहितोय. आपल्या उरवडे, पिरंगुट, पौड भागात अजून बऱ्याच घरी राजदूत, येझदी, जुनी बुलेट, आरएक्स १००, सीडी १०० उभ्या हायेत. कुणी त्यावर दुधाचे कॅन वाहिले, कुणी खताच्या गोण्या. आता पोरांना त्या परत चालू करायच्यात. चांगलं हाय. पण तेलाच्या बाबतीत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, ट्रॅक्टरचं ऑईल डब्यात उरलंय, तेच ओत. दुसरा दुकानातला सगळ्यात महाग सिंथेटिक डबा घेऊन येतो. माझ्या मते दोघांचंही गणित चुकतंय. माती न तपासता खत टाकल्यासारखं हाय ते. आधी तेल कुठं जाणार, ते बघा.

राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. यांचं इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावर चालतं आणि ते तेल जळून जातं. म्हणून तिथं फक्त टू-टी ऑईल. भातखाचराच्या बांधावर ब्रशकटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरचं किंवा फोर-स्ट्रोकचं ऑईल जळायसाठी बनवलेलंच नसतंय. त्याची राख आणि कार्बन पिस्टनवर अन् सायलेन्सरमध्ये बसतो, प्लग मरतो. प्रमाण गाडीच्या पुस्तकातलं घ्या आणि मापानं घाला. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:४० म्हणजे २५ मिली, १:५० म्हणजे २० मिली. "अंदाजे एक टोपण" हे माप नव्हे. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो. जास्त झालं तर धूर होतो आणि तेवढ्या जागेचं पेट्रोल कमी पोचतं, म्हणजे ते पण बाधतं. आरएक्स १०० ला तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. तो पंप कुणी काढून टाकलाय का, हे गाडी विकत घेताना आधी विचारा. काढला असेल तर पेट्रोलमध्येच मिसळावं लागतंय.

आणखी एक. पिरंगुटच्या घाटात उतारावर पेट्रोल वाचवायला रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल बंद म्हणजे तेल पण बंद, आणि इंजिन तर जोरात फिरतंय. मधूनमधून थोडी रेस द्यायची, नाहीतर क्लच दाबायचा.

या गाड्यांच्या गिअर-क्लचचं तेल वेगळं असतं. क्लच त्याच तेलात बुडलेला असतो. चारचाकीचं नवं ऑईल इथं घालू नका. त्यात घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरतो. सीडी १०० ला तर इंजिन, क्लच आणि गिअर तिन्हीला एकच तेल. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का ते वाचा. 'एमबी' असेल तर तो डबा परत ठेवा.

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला तीन वेगळ्या जागा हायेत: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची पेटी. तिन्हीचं तेल वेगळं. इंजिनाला २०डब्ल्यू-५० बरं. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा तापल्यावरचा. आपल्याकडं बर्फ पडत नाही, मग ५डब्ल्यूचे जादा पैसे कशाला? जुन्या सैल इंजिनातून पातळ तेल गळतं, ते वेगळंच. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० बुलेटच्या इंजिनात अडचणीला चालून जाईल, पण ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल कुठल्याच इंजिनात घालू नका. गिअर ऑईल घेताना 'जीएल-४' मागा. 'जीएल-५' मधली गंधकाची द्रव्यं पितळ-काशाच्या बुशांना खाऊ शकतात. ९० नंबरचं गिअर ऑईल इंजिनाच्या ५० पेक्षा लई दाट असेल असं वाटतं, पण तसं नाही. दोन्हीची मोजपट्टी वेगळी हाय, दाटपणा जवळपास तोच.

आता इथेनॉलचं. पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. उसाला गिऱ्हाईक वाढलं, त्यामुळं शेतकरी म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक हाय. जास्त पाणी शिरलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि तेल वरच्या पेट्रोलात राहतं. कार्बोरेटर खालचंच ओढतो, मग टू-स्ट्रोकला तेल मिळणार कुठनं? जुने रबरी पाईप आणि वायसरी पण इथेनॉलनं खराब होतात. त्या बदलून घ्या. मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच करा, पावसाळाभर साठवू नका. गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

महाग तेल वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा साधं, योग्य तेल वेळेवर बदला. कमी फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक गाडीचे किलोमीटर मोजू नका. पावसाळा संपला की दसऱ्याला पूजेआधी तेल बदला. काढलेलं तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. वर्षानुवर्षं न उघडलेल्या इंजिनात नवं तेल घातलं तर आतला गाळ सुटू शकतो, म्हणून पहिल्या वेळी लवकर बदला. काढलेलं जळकं ऑईल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते पाणी आपणच पितो.

जुने मिस्त्री हे सगळं तोंडपाठ सांगायचे. ते आता कमी होत चालले. म्हणून माझं सांगणं हाय, गाडीची एक वही करा. कुठल्या जागेत कुठलं तेल, किती, कोणत्या तारखेला. पिकाच्या फवारणीची वही ठेवतो तशीच. गाडी विकायची वेळ आली तर भंगाराच्या भावानं मागणाऱ्यापुढं ती वही ठेवता येईल.

तुमच्याकडं कुठली गाडी हाय आणि तिच्यात काय घालता, ते लिहा.